ग्लिसरीनचं प्रॉपिलीन ग्लायकॉल: धातू निवडण्याआधी मीठ मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर जिल्ह्यातल्या बुटीबोरीजवळच्या छोट्या बायोडिझेल युनिटात हॉटेलांतून गोळा केलेलं वापरलेलं तेल चालवलं जातं आणि रोज पाचेकशे किलो कच्चं ग्लिसरीन उरतं. त्याचं प्रॉपिलीन ग्लायकॉल (कूलंट, रेझिन, रंग यांत लागणारा द्रव) करायचं आहे. एक सल्लागार प्लॅटिनम सुचवतो, दुसरा निकेल. विकत आणलेल्या तांब्याच्या उत्प्रेरकावर एक लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) चाचण्या घेतल्या. पहिली बॅच बरी गेली, चौथ्या बॅचला उत्प्रेरक मेला. शिवाय दाब ४० बारवरून २५ वर येतो आणि तिथेच अडकतो. तर मग धातू कोणता घ्यावा?

तांबंच घ्या. तुमचा धातू चुकलेला नाही, चूक ग्लिसरीनच्या ड्रममध्ये आहे आणि थोडी हायड्रोजनच्या नळीत. ती दुरुस्त केल्याशिवाय प्लॅटिनम घेतलंत तर तेही मरेल, फक्त महाग पडेल.

आधी तांबंच का, ते पाहू. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बनची साखळी असते आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. आपल्याला टोकाचा एकच हायड्रॉक्सिल काढायचा आहे, साखळी तुटू द्यायची नाही. निकेल, रुथेनियम आणि बऱ्याच अंशी प्लॅटिनमसुद्धा कार्बन-कार्बन बंध तोडतात. मग तीन कार्बनच्या साखळीतून दोन कार्बनचं इथिलीन ग्लायकॉल आणि एक कार्बनचा मिथेन बाहेर पडतो. तांबं हा बंध जवळजवळ तोडत नाही, कार्बन-ऑक्सिजनवर मात्र काम करतं. आधी पाण्याचा एक रेणू निघून अ‍ॅसिटॉल तयार होतो, मग त्यावर हायड्रोजन चढून प्रॉपिलीन ग्लायकॉल. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात गेलन सप्स यांच्या गटाने २००५ च्या सुमारास कॉपर क्रोमाइटवर २०० अंश सेल्सिअस आणि जेमतेम १४ बार दाबाला हे करून दाखवलं. त्या कामाला २००६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. बेल्जियममधल्या एर्टवेल्डे इथे ओलिऑनचा ग्लिसरीनपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल बनवणारा कारखाना बीएएसएफच्या तंत्रावर उभा आहे, आणि तिथेही उत्प्रेरक तांब्याचाच आहे.

बाकीच्या धातूंना त्यांची त्यांची जागा आहे. इरिडियम-रेनियम किंवा प्लॅटिनम-टंगस्टनने १,३-प्रोपेनडायॉल मिळतं. त्याला भाव चांगला, पण रेनियम-इरिडियमचा एक ग्रॅम गळाला तरी महिन्याचा हिशोब कोलमडेल. प्लॅटिनम-बिस्मथवर ऑक्सिजन सोडून डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन करता येतं, सोन्यावर अल्कलीत ग्लिसेरिक आम्ल. ही कामं स्वच्छ ग्लिसरीन आणि पक्की प्रयोगशाळा असलेल्यांची आहेत. रोज पाचशे किलो कच्चा माल हाताळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चौथ्या बॅचकडे येऊ. तुम्ही ३२० ग्रॅम ग्लिसरीनला १६ ग्रॅम उत्प्रेरक घेता, म्हणजे पाच टक्के. त्यात सुमारे ६ ग्रॅम तांबं धरलं तर ते ९४ मिलिमोल झालं (मोल म्हणजे अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक). पण हे सगळं काही पृष्ठभागावर नसतं. शंभरातले पाच अणू बाहेर उघडे आहेत असं धरा, म्हणजे काम करणारं तांबं फक्त ४.७ मिलिमोल. तुमच्या ग्लिसरीनमध्ये ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) गंधक असेल तर एका बॅचमध्ये १६ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिमोल गंधक आत जातं. गंधकाचा एक अणू तांब्याचे किमान दोन अणू अडवतो आणि २०० अंशांना तो सुटत नाही. म्हणजे प्रत्येक बॅचला पाचव्या हिश्शाहून जास्त पृष्ठभाग कायमचा बंद. चार बॅचमध्ये खेळ संपायला एवढं पुरतं. हे ५० पीपीएम येतात कुठून? कच्च्या ग्लिसरीनमधला साबण फोडायला सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर सल्फेट मागे राहतं. वापरलेल्या तेलात कांदाभजी, मांस, मासळीतली प्रथिनं उतरलेली असतात, मोहरीचं तेल मिसळलेलं असतं, तेही गंधक घेऊन येतात.

त्याहून वाईट क्लोराइड. ते नुसतं जागा अडवत नाही, ते तांब्याला हलतं करतं. तांब्याचे बारीक कण एकमेकांकडे सरकून मोठे गोळे होतात आणि पृष्ठभाग घटतो. आलूबोंडे, समोसे तळलेल्या तेलातून मीठ येतंच, वर आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक घातलं की खाऱ्या पाण्याचाच ड्रम तयार होतो. म्हणून पहिली चाचणी फुकटात करा. दोन ग्रॅम ग्लिसरीन वीस मिलि डिस्टिल्ड पाण्यात घ्या, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. द्रावण दुधासारखं पांढरं झालं तर तो ड्रम ऑटोक्लेव्हच्या जवळसुद्धा आणू नका. हलकीशी धूसर छटा आली तर ऊर्ध्वपातनानंतर चालेल. सल्फेटसाठी तसंच, फक्त हायड्रोक्लोरिकने आम्ल करून बेरियम क्लोराइड. मात्र ही चाचणी तेलातलं सेंद्रिय गंधक दाखवत नाही. ते बाहेरून मोजून घ्यावं लागेल. शिवाय दहा ग्रॅम नमुना मुशीत जाळून ६०० अंशांच्या भट्टीत तीन तास ठेवा आणि राख तोला. ऑटोक्लेव्हमध्ये जाणाऱ्या ग्लिसरीनची राख ०.१ टक्क्याच्या खाली हवी, क्लोराइड १० पीपीएमच्या आत, गंधक एक-दोन पीपीएम.

शुद्धीकरणाची सुरुवात बायोडिझेलच्या रिअ‍ॅक्टरपासूनच करा. सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरा आणि आम्ल म्हणून फॉस्फोरिक. पोटॅशियम फॉस्फेट मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते वाळूसारखं खाली बसतं, चांगलं गाळलं जातं आणि खताला उपयोगी पडतं. अट एकच: मिथेनॉल काढण्याच्या आधी आम्ल घाला. पुष्कळ जण उलटं करतात. आधी मिथेनॉल उडवतात, मग साबणासकट तो लगदा फेसाळतो आणि मीठ ग्लिसरीनमध्येच विरघळून राहतं. ६० अंशांना, हळू ढवळत, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल बारीक धारेने घालत पीएच ४ च्या आसपास आणा. रात्रभर ठेवल्यावर तीन थर दिसतील: वर तपकिरी फॅटी अ‍ॅसिड, मधे ग्लिसरीन, तळाला मीठ. मधला थर घ्या, गाळा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ते ७.५ वर आणा, मगच मिथेनॉल आणि पाणी काढा. हे पीएच सोडून चालत नाही. आम्ल राहिलं तर गरम ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलीन सुटतं. तेल जळालेल्या कढईवर वाकल्यावर डोळ्यांत आणि घशात जे झोंबतं ना, तेच ते, आणि विषारी आहे. अल्कली राहिली तर ग्लिसरीनचे रेणू एकमेकांना जोडून पॉलिग्लिसरॉलचा चिकट राळ तळाला उरतो.

यानंतर निर्वात ऊर्ध्वपातन लागतंच, नुसतं गाळून भागत नाही. इथे नागपुरात एक अडचण हमखास येते. ग्लिसरीन १० मिमी पाऱ्याच्या दाबाला १६७ अंशांना उकळतं, ४० मिमीला मात्र १९८ अंश लागतात, आणि तिथे ते बिघडायला लागतं. छोट्या युनिटात वॉटर-रिंग व्हॅक्यूम पंप असतो, तो त्याच्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. पाणी ३० अंशांचं असेल तर ३२ मिमी, ३५ अंशांचं असेल तर ४२ मिमी. बाहेर ४५ अंश असलेला मे महिना सगळ्यात वाईट असेल असं वाटतं. पण मेमध्ये हवा कोरडी असते, कूलिंग टॉवर व्यवस्थित काम करतो. खरा त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतो. दोन्ही ऋतूंत उपाय तोच: ऑइल-सील्ड पंप त्याच्या आधी थंड सापळा लावून, किंवा स्टीम इजेक्टर. १० मिमीच्या खाली उतरलात की तळाचं तापमान १८० च्या आत राहतं. डिसेंबरात उलटी गोष्ट: पहाटे पारा दहाच्या आसपास गेला की शुद्ध ग्लिसरीन काकवीसारखं दाट होतं आणि मीटरिंग पंप अडतो. नळी कोमट ठेवा किंवा २० टक्के पाणी घालूनच साठवा, नाहीतरी प्रक्रियेला तेच मिश्रण लागणार आहे.

आता दाब. ४०० ग्रॅम चार्जमध्ये (भांड्यात भरलेल्या मिश्रणात) ८० टक्के ग्लिसरीन म्हणजे ३.४७ मोल, तेवढाच हायड्रोजन लागणार. तुमच्या एक लिटर भांड्यात चार्ज गेल्यावर साधारण ६७० मिलि जागा उरते. २०० अंशांना काट्यावर ४० बार दिसतात, त्यात आठ-दहा बार वाफ आहे, हायड्रोजन फक्त तीसेक. गणित केलं तर त्या जागेत हायड्रोजन जेमतेम अर्धा मोल मावतो. लागतो त्याच्या सातवा हिस्सा! दाब २५ वर येतो तोवर आतला निम्मा हायड्रोजन संपलेला असतो, काट्यावरचे आठ-दहा बार नुसती वाफच असते, आणि क्रिया मंदावते. एकदा भरून झडप बंद करायची पद्धत इथे चालत नाही. रेग्युलेटर ४० बारवर लावून, मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून हायड्रोजन सतत सुरू ठेवा. तो उपासमारीचा काळ उत्प्रेरकालाही महाग पडतो. हायड्रोजन नसला तरी अ‍ॅसिटॉल तयार होतच राहतो, आणि मोकळा अ‍ॅसिटॉल स्वतःशीच जुळून तपकिरी डिंकासारखा तांब्यावर बसतो. तुमचं द्रावण चहासारखं तपकिरी निघालं असेल तर कारण हेच.

ढवळणंही पाहून घ्या. मिनिटाचे फेरे ६०० वरून ९०० केल्यावर वेग वाढला, तर तुम्ही उत्प्रेरक तपासतच नव्हता, हायड्रोजन द्रवात किती विरघळतो तेवढंच मोजत होता. वेग वाढायचा थांबेपर्यंत फेरे वाढवा आणि तिथून पुढचेच आकडे खरे माना.

उत्प्रेरक घरी बनवणं अवघड नाही, आणि कॉपर क्रोमाइटपेक्षा मी तांबं-झिंक-अ‍ॅल्युमिना सुचवेन. क्रोमियमचा गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न मग येतच नाही. सुमारे १७ ग्रॅमसाठी प्रमाण असं: कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट २४.२ ग्रॅम, झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट २९.७ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट नॉनाहायड्रेट ७.५ ग्रॅम, सगळं मिळून २२० मिलि डिस्टिल्ड पाण्यात. दुसऱ्या भांड्यात ३० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट २८० मिलि पाण्यात. तिसऱ्या मोठ्या बीकरमध्ये २०० मिलि पाणी ६५ ते ७० अंशांना ठेवून दोन्ही द्रावणं एकाच वेळी थेंबथेंब सोडा, तासभर, पीएच ७ ते ७.५ च्या बाहेर जाऊ न देता. कार्बोनेट थोडं उरेल, उरू द्या. साका सुरुवातीला फिकट आकाशी दिसतो. त्याच तापमानाला ढवळत ठेवला की तासा-दीड तासात रंग हिरवटाकडे वळतो आणि साका हलका, गाळायला सोपा होतो. हा बदल दिसेपर्यंत थांबा. घाईने लगेच गाळलेला साका पुढे मोठे, आळशी कण देतो.

मग धुणं. सर्वांत जास्त हयगय इथेच होते. सोडियम मागे राहिलं की भट्टीत तांब्याचे कण एकत्र येतात. कोमट डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा धुवा, प्रत्येक वेळी साका पाण्यात पुन्हा मोकळा करून. नुसतं फनेलवर पाणी ओतून उपयोग नाही, फनेलवरच्या साक्याच्या थराला भेगा पडतात आणि पाणी भेगांतून निघून जातं. खालच्या पाण्याची वाहकता ५० मायक्रोसीमेन्सच्या आत आली की थांबा. नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं क्लोराइड पुन्हा त्याच खड्ड्यात नेईल. ११० अंशांना रात्रभर वाळवा, मग मिनिटाला दोन अंश या गतीने ३५० पर्यंत नेऊन तीन-चार तास ठेवा. काळी भुकटी मिळेल.

ती भुकटी अजून ऑक्साइड आहे. ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला एक-दोन अंश वाढवत २३० पर्यंत न्या आणि पाणी निघायचं थांबेपर्यंत ठेवा. शुद्ध हायड्रोजन एकदम सोडू नका. कॉपर ऑक्साइडचा एक मोल तांबं होताना सुमारे ८५ किलोज्यूल उष्णता सोडतो. सतरा ग्रॅमला ती जाणवत नाही, पण १०० किलो उत्प्रेरकाच्या बेडमध्ये (थरात) ती ५० मेगाज्यूल होते, म्हणजे किलोभराहून जास्त एलपीजी जाळल्याएवढी. तापमान ३०० च्या वर गेलं की ते तांबं परत कामाचं राहत नाही. तयार झालेली भुकटी हवेत उघडू नये, ती पेट घेते. नायट्रोजनखाली थेट ग्लिसरीनच्या द्रावणात सोडा.

चार्ज भरल्यावर नायट्रोजनने तीनदा दाब देऊन सोडा, गळती तपासा, मग हायड्रोजन. २०० अंश, ४० बार, दहा ते बारा तास. वेग वाढावा म्हणून २२० च्या वर जाऊ नका, तिथे तांब्यावरसुद्धा साखळी तुटायला लागते. अ‍ॅसिटॉलवर हायड्रोजन चढणं ही उष्णता सोडणारी, उलट फिरू शकणारी क्रिया आहे, म्हणून तिला कमी तापमान मानवतं. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या सातो यांच्या गटाने वाफेच्या बेडमध्ये वरचा भाग २०० अंशांना आणि खालचा १२० ला ठेवून याचाच फायदा घेतला. बॅचमध्ये तसं जमत नाही, पण शेवटचे दोन तास १८० वर उतरून अ‍ॅसिटॉल कमी करता येतो.

नमुना वॅक्स कॉलमच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर), तुलनेसाठी ठरावीक एन-ब्युटेनॉल घालून पाहा. यंत्र विकत घेण्याआधी १९४२ पासून नागपुरात असलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत (आता एलआयटी विद्यापीठ) विचारून पाहा, तेल तंत्रज्ञान हा तिथला शिकवण्याचाच विषय आहे. अ‍ॅसिटॉल जास्त दिसला तर हायड्रोजन कमी पडतोय. इथिलीन ग्लायकॉल जास्त दिसलं तर तापमान चढलंय, किंवा कुठूनतरी निकेल-लोखंड आलंय. टाकी साध्या लोखंडाची असेल तर आधी तीच पाहा. लॅक्टिक आम्ल दिसलं तर ग्लिसरीन अल्कलीयुक्त होतं. गाळलेल्या द्रवात अमोनिया टाकून गडद निळा रंग आला तर तांबं गळतंय, बहुधा आम्लामुळे किंवा गरम असतानाच भांडं हवेत उघडल्यामुळे.

हिशोबाचं सांगतो. १०० किलो शुद्ध ग्लिसरीनपासून जास्तीत जास्त ८२.६ किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल, १९.६ किलो पाणी, आणि लागणारा हायड्रोजन २.२ किलो. तुमच्या ५०० किलो कच्च्या मालात ३०० किलो शुद्ध निघालं तर रोज ७३ घनमीटर हायड्रोजन, म्हणजे ७ घनमीटरचे दहा-बारा सिलिंडर. एवढा साठा, त्याची शेड, अंतरं, ज्वालारोधक वायरिंग हे पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या) नियमांत येतं. पेसोचं मुख्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सवर आहे, भांडी मागवायच्या आधी तिथे नकाशा घेऊन जा. हे आकडे मांडल्यावर पाचशे किलोला स्वतःचा प्लांट परवडत नाही असं दिसलं, तर आसपासच्या चार-पाच युनिटांचं ग्लिसरीन एकत्र करा, किंवा फक्त ऊर्ध्वपातन करून शुद्ध ग्लिसरीन विका. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हे शेवटचं फार गंभीरपणे वाचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, इथिलीन ग्लायकॉल १९७ ला. नऊ अंशांच्या फरकावर छोट्या कॉलममध्ये ते वेगळे होत नाहीत. निकेल नको म्हणण्याचं माझं सर्वांत मोठं कारण हे आहे: भांड्यात तयार झालेलं इथिलीन ग्लायकॉल शेवटच्या ड्रमपर्यंत सोबत येतं, आणि ते मूत्रपिंड निकामी करतं. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधातल्या, याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने दगावली, त्यांतल्या अनेकांवर उपचार नागपुरात चालू होते. औषधी दर्जाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये इथिलीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१० टक्क्यांच्या वर चालत नाही. तुमचा माल कूलंट, रेझिन, रंग यांच्यासाठीच विका. ड्रमवर आणि बिलावर 'औद्योगिक वापरासाठी, औषध व अन्नासाठी नाही' असं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा. प्रत्येक लॉटचा क्रोमॅटोग्राम जपून ठेवा. आणि रोखीने, बिलाशिवाय दोन ड्रम मागायला कोणी आलं, तर देऊ नका.